बुबुळाचे राखणदार

सोयाबीनची मळणी चालू असताना मशीनच्या तोंडाशी उभ्या असलेल्या माणसाकडे एकदा नीट बघावं. डोक्याला रुमाल, नाकातोंडावरून दुसरा रुमाल, आणि उघडे फक्त डोळे. दसरा-दिवाळीच्या दिवसांत परभणी जिल्ह्यात कुठेही फिरा, जिंतूरकडच्या माळावर किंवा पालम-गंगाखेडच्या काळ्या रानात, लांबून भुरकट लोट दिसला की समजायचं, तिथे मशीन लागलंय. त्या लोटात शेंगांची फोलपटं असतात, काड्यांचे तुकडे, माती, शेंगेवरची बारीक लव, सगळं असतं. माणूस दिवसभर त्यात उभा राहतो, संध्याकाळी हातपाय-तोंड धुतो, भाकरी खातो आणि झोपतो. बहुतेक वेळा डोळ्यांना काहीही झालेलं नसतं. असं दिवसभर काही होत नाही, याला बरीच यंत्रणा लागते. हे पुस्तक त्या यंत्रणेबद्दल आहे. एखाद्या दिवशी ती कमी पडते, त्या दिवसाबद्दलही आहे.

मी डॉक्टर नाही. आयुष्यभर विज्ञान शिकवलं, आणि डोळ्याचा धडा दरवर्षी थोडासा चुकीचाच शिकवला, असं आता वाटतं. फळ्यावर मी एक गोल काढायचो. समोर फुगीर काच, तिच्यामागे भिंग, पाठीमागे पडदा, आणि मग ठरलेलं वाक्य: डोळा म्हणजे कॅमेरा. मुलं आकृती उतरवून घ्यायची, गुण मिळवायची. त्या आकृतीत पापणी नसायची. भुवई नाही, अश्रू नाही, कवटीतली खोबण नाही. डोळा जणू हवेत तरंगतो आहे! जो कॅमेरा दर चार सेकंदांनी स्वतःची काच स्वतः पुसतो, काही अंगावर आलं की आपणहून झाकण लावून घेतो आणि झोपताना काच वर फिरवून ठेवतो, तो मी तरी दुकानात पाहिलेला नाही.

आपल्याकडच्या जुन्या वैद्यांनी ही चूक केली नव्हती. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात डोळ्याची पाच मंडलं सांगितली आहेत आणि ती बाहेरून आत मोजली आहेत: पक्ष्म, वर्त्म, श्वेत, कृष्ण आणि दृष्टी. पक्ष्म म्हणजे पापणीचे केस, वर्त्म म्हणजे पापणी. म्हणजे पाचांपैकी पहिली दोन मंडलं आपण ज्यांना आकृतीत जागाही देत नाही त्यांची. त्याच ग्रंथात डोळ्यांचे 76 विकार मोजले आहेत. ती सगळी मोजदाद आज जशीच्या तशी धरून चालणार नाही, पण डोळा कुठून सुरू होतो याबाबत मी सुश्रुताच्या बाजूने आहे.

आता मुख्य गोष्ट. डोळ्याला एवढी राखण का लागते? कानाला पापणी नाही, नाकाला नाही. डोळ्यालाच का?

याचं उत्तर बुबुळात आहे. बुबुळ हा शब्द आपण दोन गोष्टींसाठी वापरतो, त्यामुळे आधी तेवढा गुंता सोडवू. काळं किंवा घारं बुबुळ म्हणतो तेव्हा आपण आतल्या रंगीत चकतीबद्दल बोलत असतो, जिला पाठ्यपुस्तकं परितारिका म्हणतात. ‘बुबुळावर फूल पडलं’ म्हणतो तेव्हा त्या चकतीच्या पुढे बसवलेल्या पारदर्शक घुमटाबद्दल, म्हणजे पारपटलाबद्दल बोलत असतो. घड्याळाच्या तबकडीवर काच असते तसा हा घुमट. दवाखान्यात बुबुळाला जखम झाली म्हणतात ती या काचेला. पुस्तकात मी बुबुळ हाच शब्द या पारदर्शक घुमटासाठी ठेवला आहे, कारण पारपटलात कुसळ गेलं असं बोलणारा माणूस मला अजून भेटायचा आहे.

हा घुमट आडवा मोजला तर सुमारे 11.5 ते 12 मिलिमीटर, मध्यभागी जाडी जेमतेम अर्धा मिलिमीटर. डोळ्यात शिरणारा प्रकाश वळवून नेमक्या जागी आणण्याचं जे काम आहे त्यातला सुमारे दोन तृतीयांश वाटा याचाच. आतलं भिंग उरलेलं काम करतं. आणि या घुमटात रक्त नाही. एकही रक्तवाहिनी नाही. असती तर आपण जग कायम लाल जाळीतून पाहिलं असतं. बुबुळाच्या आतले तंतू अतिशय शिस्तीने, ठरावीक अंतरावर रचलेले असतात, आणि सगळ्यात आतला पेशींचा एकच थर त्यात झिरपलेलं पाणी सतत बाहेर काढत राहतो. ती शिस्त मोडली किंवा पाणी साचलं, की काच धुरकटते. प्राणवायू बुबुळ सरळ हवेतून घेतं, अश्रूंत विरघळलेला. रात्री डोळे मिटले की तो पापणीच्या आतल्या बाजूच्या रक्ताकडून उसना घेतं. बाकीचं पोषण आतल्या पाण्यातून येतं.

हे डोळ्यांनी तपासता येतं. डोळे आलेल्या माणसाच्या डोळ्यात पाहा, अर्थात दोन हात लांबून. पांढरा भाग लालभडक झालेला असतो, कारण त्यावरच्या पातळ आवरणात रक्तवाहिन्या आहेत आणि संसर्गाशी लढायला त्यांतून कुमक आलेली असते. पण तो लालपणा बुबुळाच्या कडेशी येऊन थांबतो. पुढे वाटच नाही. शरीरात कुठेही काटा रुतला तर रक्त धावून येतं, बुबुळात रुतला तर लगेच येऊ शकत नाही. पारदर्शकतेची ही किंमत आहे, आणि राखणीचा सगळा सरंजाम बाहेर का मांडला आहे ते इथे कळतं. हुरड्यात आलेल्या ज्वारीची राखण करणारा माणूस कणसांत लपून बसत नाही. माळ्यावर बसतो आणि गोफण फिरवतो. पाखरू कणसावर बसल्यावर उपयोग नाही, ते यायच्या आधी उडवलं पाहिजे.

राखणीची पहिली फळी हाडांची. सात हाडं मिळून डोळ्याची खोबण तयार होते. तिचं तोंड साधारण 4 सेंटीमीटर रुंद आणि साडेतीन उंच. त्याहून मोठी वस्तू आली, क्रिकेटचा चेंडू किंवा कोपर, तर मार आधी खोबणीच्या काठावर बसतो. काठ जाड आहे, पण तळ आणि नाकाकडची भिंत कागदासारखी पातळ. जोराचा फटका बसला की कधी कधी ती पातळ भिंत फुटते आणि दाब तिकडे निघून गेल्याने डोळा वाचतो. हाड जोडता येतं. खोबणीची कानाकडची कड मात्र मागे सरकलेली आहे. त्यामुळे आपल्याला मान न वळवता बाजूचं दिसतं, आणि त्यामुळेच बाजूने येणारी फांदी थेट डोळ्याला लागते. विटीसारखी लहान, टोकदार वस्तू तर काठाला चुकवून सरळ आत जाते. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ आणि आपल्या डोळ्यातलं मुसळ ही म्हण माणसाच्या स्वभावाबद्दल खरी असेल. डोळ्यापुरतं बोलायचं तर मुसळाला हाड अडवतं. भीती कुसळाची आहे.

भुवई कपाळावरचा घाम बाजूला वळवते. मे महिन्यात परभणीचा पारा 44-45 वर असतो तेव्हा तिचं महत्त्व वेगळं सांगायला नको. पापणीचे केस त्याहून हुशार. वरच्या पापणीला शंभराच्या आसपास, खालच्या पापणीला त्याहून कमी. प्रत्येकाच्या मुळाशी मज्जातंतू गुंडाळलेले, म्हणून धुळीचा कण केसाला शिवला तरी पापणी मिटते. 2015 मध्ये अमेरिकेतल्या जॉर्जिया टेक विद्यापीठातल्या संशोधकांनी 22 सस्तन प्राण्यांच्या पापण्या मोजल्या. बहुतेकांच्या केसांची लांबी डोळ्याच्या रुंदीच्या एक तृतीयांश निघाली. या लांबीचे केस समोरून येणारा वारा डोळ्यावरून बाजूला सारतात, त्यामुळे डोळ्यावर पडणारी धूळ आणि उडणारा ओलावा निम्म्यापर्यंत घटतो. केस त्याहून लांब झाले तर वारा उलट आत ओढला जातो. लग्नात लावतात त्या लांबलचक कृत्रिम पापण्यांबद्दल मी काही बोलत नाही.

राखणदार फितूरही होतो. खुपऱ्या नावाचा आजार जुन्या पिढीला चांगला माहीत होता. वारंवारच्या संसर्गाने पापणीच्या आतून वण धरतात, पापणी आत वळते आणि केस बुबुळावर घासू लागतात. दिवसाला हजारो वेळा, प्रत्येक उघडझापीला. खेड्यातल्या म्हाताऱ्या बायांच्या कनवटीला, कानकोरण्याच्या जुडग्यात छोटा चिमटा असायचा, तो आत वळलेले हे केस उपटायलाही कामी यायचा. सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न म्हणून भारतातून खुपऱ्या संपल्याचं जागतिक आरोग्य संघटनेने ऑक्टोबर 2024 मध्ये मान्य केलं. बातमी कुठेतरी आतल्या पानावर आली असेल. माझ्या दृष्टीने ती पहिल्या पानाची होती.

पापणी म्हणजे शरीरावरची सगळ्यात पातळ कातडी, आत एक चिवट पट्टी आणि भोवती गोल फिरलेला स्नायू. जागेपणी ती मिनिटाला पंधराएक वेळा मिटते. सोळा तासांचा दिवस धरला तर 14,400 वेळा. मिटताना ती कानाकडून नाकाकडे, पिशवीची चेन ओढावी तशी बंद होत जाते आणि अश्रू नाकाकडे ढकलते. मोबाईलकडे टक लावून बसलं की पापणी मिटण्याचा आकडा निम्म्यावर येतो. पोरांचे डोळे चुरचुरतात ते बरेचसे यामुळे. आणखी एक युक्ती चार्ल्स बेल या शरीरशास्त्रज्ञाने 1823 मध्ये नोंदवली: पापणी जोराने मिटली की आत डोळा आपोआप वर फिरतो, म्हणजे फट राहिलीच तरी समोर पांढरा भाग येतो, बुबुळ नाही. तोंडावरून वारं गेलेल्या माणसाचा डोळा मिटत नाही, तेव्हा हे उघड दिसतं. कुष्ठरोगात दुहेरी घात होतो. बुबुळाची संवेदना जाते आणि पापणीची ताकदही, म्हणजे चोर आल्याचं कळत नाही आणि कळलं तरी दार लागत नाही.

बैलाला आपल्यापेक्षा एक पापणी जास्त असते. पोळ्याला बैल धुताना त्याच्या डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यात बघा, आडवा सरकणारा एक पडदा दिसेल. कोंबडीला तो आणखी स्पष्ट आहे. आपल्यात त्याची खूण म्हणून नाकाकडच्या कोपऱ्यात एक गुलाबी घडी तेवढी उरली आहे.

आणि अश्रू. त्यांच्याबद्दल कवींनी इतकं लिहिलं आहे की त्यांचं रोजचं काम मागेच पडलं. रडण्याचा अश्रू हा अपवाद. डोळ्यावर सतत असतो तो अश्रूंचा पातळ पापुद्रा, मिलिमीटरच्या हजाराव्या भागात मोजावा इतका. खाली चिकट थर, मध्ये खारट पाणी, वर तेलाचा तवंग. तेल पापणीच्या काठावरच्या ग्रंथींतून येतं. त्यातली एखादी तुंबून फुगली की आपण रांजणवाडी म्हणतो त्यासारखी गाठ येते. हे तेल नसतं तर आपल्याकडच्या एप्रिलमधल्या कोरड्या वाऱ्यात पाणी काही क्षणांत उडून गेलं असतं. उरलेले अश्रू पापण्यांच्या नाकाकडच्या टोकांना असलेल्या बारीक छिद्रांतून एका पिशवीत आणि तिथून नाकात उतरतात. म्हणून रडताना नाक वाहतं, आणि डोळ्यात टाकलेलं औषध थोड्या वेळाने घशात कडू लागतं. ही वाट तुंबली की डोळा सारखा पाणावतो, कोपऱ्यात पू धरतो. आपल्याकडे त्याला लासरू म्हणतात.

अश्रूंत नुसतं पाणी असतं तर ते जंतूंना मानवलंच असतं. 1922 मध्ये अलेक्झांडर फ्लेमिंगने, म्हणजे पुढे पेनिसिलिन शोधणाऱ्यानेच, लायसोझाइम या द्रव्याचा शोध जाहीर केला. ते जंतूंची भिंत फोडतं आणि अश्रूंत भरपूर असतं. प्रयोगाला अश्रू हवेत म्हणून फ्लेमिंग सहकाऱ्यांच्या डोळ्यांत लिंबाचा रस टाकायचा. विज्ञानासाठी रडलेली ही माणसं.

एवढी राखण ओलांडून कुसळ आत जातं तेव्हा काय होतं, हा या पुस्तकाचा सगळ्यात मोठा भाग आहे आणि तो मी मुद्दाम लांबवला आहे. कुसळ म्हणजे गव्हाचं कुसळ, माळावरचं कुसळी गवत, पाथरी-सोनपेठकडच्या उसाच्या पात्याची करवती कड, पऱ्हाट्या उपटताना डोळ्यावर आलेलं बोंडाचं वाळलेलं टोक. बुबुळाचा सगळ्यात वरचा पदर पाच-सहा पेशींचा, केसापेक्षाही पातळ. तिथे मज्जातंतूंची दाटी त्वचेच्या कितीतरी पट आहे, म्हणून एवढ्याशा कणाने माणूस कळवळतो. हा पदर खरचटला तर शेजारच्या पेशी सरकत येऊन एक ते तीन दिवसांत जखम बुजवतात, मागे खूणही राहत नाही. त्याखालचा थर मात्र एकदा फाटला की पुन्हा येत नाही. तिथे वण धरतो, आणि काचेवरचा वण म्हणजे फूल. बुबुळाच्या थरांची मोजणी अजून पुरती मिटलेली नाही, हेही सांगून ठेवतो. 2013 मध्ये नेत्रतज्ज्ञ हरमिंदर दुआ यांनी आणखी एक थर असल्याचं मांडलं, सुमारे 15 मायक्रॉन जाडीचा. दुआ यांचं वैद्यकीय शिक्षण नागपूरचं. त्यांनी मांडलेल्या या पदराला वेगळा थर म्हणावं की नाही यावर तज्ज्ञांत वाद झाला.

खरचटणं आणि फूल यांच्यामध्ये काही तासांचं अंतर असतं. नेपाळमधल्या भक्तपूर जिल्ह्यात गावपातळीवरच्या स्वयंसेवकांना साधं जंतुनाशक मलम देऊन, खरचटलेल्या डोळ्यांवर ते लावायला शिकवलं गेलं. 2001 मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. 442 जणांपैकी 96 टक्के संसर्गाशिवाय बरे झाले, आणि ज्यांचा उपचार इजेनंतर 18 तासांच्या आत सुरू झाला त्यांच्यापैकी एकालाही व्रण झाला नाही. यंत्र नाही, शस्त्रक्रिया नाही. मलमाची एक नळी आणि वेळेवर दार ठोठावणं. आपल्या प्रत्येक गावात आशाताई आहे. हा प्रयोग इथे वाचताना मला राहून राहून तिचीच आठवण होते.

उशीर झाला तर कुसळाबरोबर गेलेली बुरशी रुजते. शेतकऱ्याला ही बुरशी अनोळखी नाही. तुरीवर आणि हरभऱ्यावर मर आणणाऱ्या फ्युजॅरियमचीच ही भावंडं. तुरीसाठी आपल्या कृषी विद्यापीठाच्या बदनापूर केंद्राने बीएसएमआर 736 सारखी मर न लागणारी वाणं दिली. डोळ्याला वाण बदलता येत नाही. बुरशीचा व्रण दबकत वाढतो. पहिले काही दिवस नुसती लाली आणि पाणी, मग बुबुळावर पांढुरका ठिपका. याच काळात माणूस औषधाच्या दुकानातून ‘डोळ्याचे थेंब’ आणतो. त्यात स्टेरॉइड असेल तर दोन दिवस बरं वाटतं, लाली उतरते, आणि खाली बुरशीला रान मोकळं होतं. लाली म्हणजे आलेली कुमक होती, तीच आपण परत पाठवलेली असते.

घरगुती उपायांना मी सरसकट नावं ठेवणार नाही. माझी आई पदराची घडी तोंडाशी धरून वाफेने ऊबदार करायची आणि मिटलेल्या डोळ्यावर ठेवायची. त्यात वाईट काही नव्हतं, आणि पोरगं डोळा चोळायचं थांबायचं, हा फायदा मोठा. पण त्याच पदराच्या टोकाची वात करून बुबुळावरचं कुसळ टिपणं, जिभेने कचरा काढणं, डोळ्यात दूध पिळणं, या गोष्टींनी जखमेत जंतू जातात. रुईचा चीक तर डोळ्याजवळही नको. तो आतल्या थरापर्यंत पोचतो आणि काच सुजून धुरकटते. स्वच्छ पाणी, पापणीची उघडझाप, आणि तरी खुपत राहिलं तर डोळ्यांचा डॉक्टर. एवढंच.

चुन्याबद्दल एक प्रकरण वेगळं आहे, कारण चुन्याची पुडी आपल्या प्रत्येक कोनाड्यात असते आणि लहान मूल ती दाबून पाहतंच. चुना जाळतो तसा जिरतोही. बुबुळाच्या कडेला, जिथे लालपणा थांबतो म्हटलं ना, तिथेच बुबुळाचा वरचा पदर पुन्हा तयार करणाऱ्या मूळ पेशी राहतात. चुन्याने त्या मेल्या की कुंपण मोडतं. शेजारच्या रक्तवाहिन्या बुबुळावर चढतात. रक्त येतं आणि नजर जाते. डोळ्यात चुना गेला की पहिलं काम पाण्याचं, भरपूर आणि तिथल्या तिथे, मग बाकी सगळं. 7 डिसेंबर 1905 रोजी ओलोमोउत्स या गावी एडुआर्ड झिर्म यांनी माणसावर बुबुळाचं पहिलं यशस्वी प्रत्यारोपण केलं, तो रोगीही चुन्याने डोळे गेलेला मजूरच होता. बुबुळ मिळालं होतं अकरा वर्षांच्या एका मुलाच्या काढाव्या लागलेल्या डोळ्यातून. रक्त नसणं इथे मात्र पथ्यावर पडतं: शरीराची पहारा देणारी फौज तिथे सहसा फिरकत नाही, म्हणून दुसऱ्याचं बुबुळ टिकून राहायची शक्यता इतर अवयवांपेक्षा जास्त. नेत्रदान मृत्यूनंतर सहा तासांच्या आत व्हावं लागतं. चष्मा असलेल्या किंवा मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेल्या माणसालाही ते करता येतं.

कडेच्या मूळ पेशीच मेल्या असतील तर नुसतं नवं बुबुळ बसवून भागत नाही. 2012 मध्ये हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेतल्या वीरेंद्र सांगवान आणि सहकाऱ्यांनी एक सोपी रीत मांडली: चांगल्या डोळ्याच्या कडेचा दोन मिलिमीटरचा तुकडा घ्यायचा, त्याचे बारीक कण करायचे आणि जळलेल्या डोळ्यावर पेरायचे. पेरायचे हा शब्द माझा आहे, पण परभणीच्या वाचकाला तो लगेच समजेल. निजामाच्या काळापासून आपल्याकडची माणसं मोठ्या दुखण्याला रेल्वेने हैदराबाद गाठत आली आहेत, तेही काही उगाच नाही.

उन्हातान्हात, धुळीत काम करणाऱ्यांच्या बुबुळावर नाकाच्या बाजूने मांसल पडदा चढतो, त्याला वडस म्हणतात. त्यावरचं प्रकरण छोटं आहे. गॉगलवरचं त्याहून छोटं. मळणीला गॉगल लावा असं लिहिणं सोपं आहे. घामाने आतून धुकं धरलं की माणूस तो कपाळावर सरकवतो, आणि त्याला दोष देण्यात अर्थ नाही. धुकं न धरणारा, कानाकडची बाजूही झाकणारा, मजुराला परवडणारा गॉगल बनवणं हे अभियंत्यांचं राहिलेलं काम आहे.

पुस्तक वाचायला घेण्याआधी एक करा. आरसा घेऊन दारात उजेडाला बसा, हात धुतलेले असू द्या. खालची पापणी नाकाच्या बाजूने जराशी खाली ओढा. तिच्या काठावर, कोपऱ्याच्या अलीकडे, एक बारीकसा उंचवटा आणि त्यात सुईने टोचल्यासारखं छिद्र दिसेल. पहिलं प्रकरण तिथून सुरू होतं.